कोरी पट्टी

दीप्तीने एम.एस्सी.ला कोणता विषय घेतलाय, हे सांगता सांगता माझ्या तोंडाला फेस यायचा. डहाणू रोडच्या आमच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये मुलींना शिकवायचं म्हणजे डी.एड. नाहीतर बी.कॉम., तिसरं काही असतं हेच कुणाला मंजूर नव्हतं. पर्यावरण म्हटलं की शेजारीण म्हणायची, म्हणजे झाडं लावायची का? हवेतला कार्बन वाढतोय आणि त्याने पृथ्वी तापतेय, त्याचा अभ्यास आहे, असं म्हटलं की ती माझ्याकडे अशी बघायची, जणू मुलीला काही झालंय आणि मी ते लपवतेय. मी मास्तरीण. मला समजावून सांगायचा पगार मिळतो, पण त्या बाईपुढे मी हात टेकले.

माझी शाळा तलासरीच्या पलीकडे एका पाड्यावर होती. वीसेक वर्षं मी डहाणू रोडहून एस.टी.ने तिथे जात होते. त्यामुळे दीप्तीच्या सरांनी तिला प्रबंधाचा विषय दिला तेव्हा ती आधी माझ्याकडे आली. विषय होता राब.

आमच्या भागात भाताचं रोप टाकायच्या आधी जमिनीच्या एका तुकड्यावर शेण, झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या, वाळका पातेरा आणि वर थोडी माती असा थर रचतात आणि पेटवून देतात. त्याला राब भाजणं म्हणतात. तोडलेल्या डहाळ्यांना कवळ म्हणतात, पाचोळ्याला पातेरा. राब भाजला की तण मरतं आणि रोप जोमाने वर येतं. पावसात ते रोप उपटून शेतात लावतात, ती आवणी. होळीनंतर सगळ्या डोंगरांच्या अंगावर तो धूर असतो. मला तर त्या वासाशिवाय उन्हाळा सुरू झाल्यासारखा वाटत नाही.

"सर म्हणाले, या धुराने आणि भाजलेल्या जमिनीने हवेत किती कार्बन जातो, हे कुणी नीट मोजलेलंच नाही," दीप्ती म्हणाली. "एक पट्टी भाजलेली हवी आणि तिच्या शेजारी एक न भाजलेली. दोन्हींची तुलना केली की कळेल."

तिचे बाबा, म्हणजे आमचे वासुदेवराव, पार्सल ऑफिसात. जन्म चिकूचे खोके चढवण्यात गेला, बोलणं कमी, पण बोलले की टाचणी लागते. त्या वर्षी समुद्राकडे विजेच्या कारखान्याची चिमणी चढत होती. चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, "एवढी मोठी चिमणी दिसत असताना राबच का मोजायचा?"

"चिमणी मोजायला परवानगी लागते, बाबा."

"आणि राबाला?"

दीप्तीने कप उचलून आत नेला. 

परवानगी मी रूपीकडे मागितली. रूपी माझ्याच वर्गात तिसरीपर्यंत शिकलेली. काळ्या हा तिचा नवरा, तो दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचा, तो पावसाच्या तोंडावर परत यायचा. शेत, म्हातारी गाय आणि घर रूपी एकटी सांभाळायची. अर्धा राब भाज, अर्धा तसाच कोरा ठेव, असं मी तिला सांगितलं. कोऱ्या पट्टीत तण माजलं तर मी आणि दीप्ती येऊन निंदून देऊ, असाही शब्द दिला. ती जमिनीकडे बघतच म्हणाली, "तुम्ही सांगता तर ठेवीन, बाई."

मग आमची धामधूम सुरू झाली. दीप्तीकडे यंत्रं नव्हती. बिस्किटांचे मोठे पत्र्याचे डबे ती जमिनीवर उपडे घालायची आणि कडेने माती दाबायची. प्रत्येक डब्याखाली एका वाटीत कॉस्टिकचं पाणी ठेवलेलं असायचं. जमीन जो श्वास सोडते त्यातला कार्बन डायऑक्साइड ते पाणी धरून ठेवतं. दुसऱ्या दिवशी वाट्या उचलायच्या, पाणी झाकणाच्या बाटल्यांत भरायचं, घरी आणायचं आणि माझ्या ओट्यावर काचेच्या नळीतून त्यात थेंब थेंब आम्ल सोडायचं. रंग दाखवणाऱ्या औषधाने आधी पाणी गुलाबी असायचं आणि एका थेंबाला रंग एकदम उडायचा. तो थेंब ओळखण्यात सगळी विद्या होती. वासुदेवराव एकदा त्या गुलाबी पाण्याकडे बघून म्हणाले, "सरबत झालं असेल तर मलाही थोडं." त्यानंतर माझ्या ओट्यावर "पिऊ नये" अशी चिठ्ठी चिकटली.

पाड्यावरच्या पोरांच्या मते दीप्ती जमिनीला ताप आलाय का ते बघत होती. मला ते काही फार चूक वाटलं नाही.

त्या वर्षी, म्हणजे त्र्याण्णव साली, दीप्तीचे पाय जमिनीवर नव्हते. दिल्लीच्या एका संशोधन संस्थेने तिला निवडलं होतं. अट एकच, जुलैच्या आत प्रबंध द्यायचा. सगळं त्या दोन पट्ट्यांवर होतं. भाजलेल्या पट्टीचे आकडे येत होते, कोऱ्या पट्टीचे येत होते, आणि पाऊस पडायच्या आत उरलेल्या वाट्या भरल्या की काम फत्ते.

मे महिन्यात रूपी माहेरी लग्नाला गेली. उंबरगावच्या बाजूला तिचं माहेर. आम्ही दोघी रविवारी सकाळच्या एस.टी.ने पाड्यावर उतरलो, नेहमीच्या पायवाटेने चढलो आणि बांधावर येऊन थबकलो.

दोन्ही पट्ट्या काळ्या होत्या.

कोरी पट्टी कुठली होती, हे खुंट्यांवरूनसुद्धा कळत नव्हतं, कारण खुंट्या जळाल्या होत्या. रूपीच्या ओट्यावर आमचे डबे एकावर एक रचून ठेवले होते. शेजारी वाट्या होत्या, राखेने घासून लख्ख केलेल्या. आत टाकलेलं पाणी कुणीतरी नीट ओतून दिलं होतं.

शेजारच्या घरातून जिव्या आला. पाड्यातला वडीलधारा माणूस, रूपीचा दूरचा सासरा. त्याच्या चेहऱ्यावर घरी पाहुणे आल्यासारखं हसू होतं. "बाय, तुमचे डबे नीट काढून ठेवले. एकालाही धक्का नाय लागू दिला."

"कोणी भाजला?" दीप्तीने विचारलं.

"आम्हीच. सगळ्यांनी." त्याने हाताने सगळी घरं दाखवली. "काळ्या गेलेला भट्टीवर. रूपी एकटी बाय. अर्धाच राब भाजला तिनं. आम्ही विचारलं, तर म्हणं, बाईंचं काम आहे. आमी काय समजलो, कवळ तोडाया माणूस नाय आणि सांगाया लाजते. पाड्यात एका घरचा राब कोरा राहिला तर आमी काय तोंड दाखवाचा? ती माहेरी गेली, मग घराघरानं एक एक भारा आणून टाकला. नवशीनं पातेरा आणला. झाला."

नवशी म्हणजे त्याची बायको. ती मागे उभी राहून मान डोलवत होती.

दीप्ती ओरडली. माझी मुलगी कुणावर ओरडत नाही, पण त्या दिवशी तिचा आवाज पार डोंगराला लागला. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं? कोणी सांगितलं होतं हे करायला?"

जिव्याचं हसू गेलं. त्याला राग आला नाही, नुसतं कोडं पडलं. "सांगाया कशाला लागतं?" तो म्हणाला.

  आम्ही रूपीला विचारलं होतं, कारण सातबाऱ्यावर तिच्या घराचं नाव होतं. तिच्या राबाची काळजी सगळ्या पाड्याला असेल, हे ना माझ्या डोक्यात आलं, ना एम.एस्सी.च्या पुस्तकात होतं.

दीप्तीच्या सरांनी सांगितलं ते सरळ होतं. तुलनेची पट्टी गेली म्हणजे अभ्यास गेला. एकतर ग्रंथालयात बसून दुसरा सोपा विषय कर आणि जुलैत दे, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांब. ती घरी आली, काचेची नळी धुतली, कपाटात ठेवली आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मला त्या पाड्याचा इतका संताप आला होता की सुट्टी संपूच नये असं वाटत होतं.

चार-पाच दिवसांनी दुपारी दारात रूपी उभी. वीस वर्षांत ती कधी डहाणू रोडला आमच्या घरी आली नव्हती. विचारत विचारत क्वार्टर शोधलं होतं. आत यायलाच तयार नव्हती.

"मी शब्द दिलेला, बाई," ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "मी असते तर एकालाही हात लावू नसता दिला. मी सगळ्यांना बोलले. जिव्यालाही बोलले. आता त्यांनी सगळी राख काढून टाकली. खरवडून, झाडून. पट्टी परत कोरी झाली. दीप्तीबायला सांगा, ये."

मला हसावं की रडावं कळेना. डोळ्यांसमोर आलं, अख्खा पाडा वाकून ती पट्टी झाडतोय. पलंगावरून आवाज आला. दीप्ती हसत होती. तेवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसत होती, आणि हसता हसता रडायला लागली. मग उठून बाहेर आली, रूपीचा हात धरून तिला आत घेतलं आणि पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी ती पाड्यावर गेली. मीही गेले. जिव्याच्या अंगणात सगळे जमले होते, अपराध्यासारखे. दीप्तीने पहिल्यांदाच त्यांना सगळं सांगितलं. जमीन श्वास कसा सोडते, जळालेल्या डहाळीतलं काय हवेत जातं, जगभरच्या कारखान्यांनी आणि मोटारींनी हवा कशी तापत चाललीय, आणि राख काढली तरी तापलेली जमीन पुन्हा न तापलेली का होत नाही. मी पंचवीस वर्षं शिकवलं, पण इतकं गप्प बसून ऐकणारा वर्ग मला कधी मिळाला नाही.

शेवटी जिव्याने विचारलं, "म्हणजे आमचा धूर वाईट, नाय का?"

"माहीत नाही, काका," दीप्ती म्हणाली. "झाड तुम्ही मुळापासून तोडत नाही, डहाळ्याच घेता. त्या परत फुटतात आणि हवेतलं तेच परत ओढून घेतात. मग बाकी काय उरतं? तेच बघायचं होतं मला."

"मग बघ ना," तो म्हणाला. "पुढल्या साली बघ."

ती थांबली. दिल्लीला पत्र टाकून तिने नकार कळवला. सोपा विषय करून मिळणारी एवढी चांगली जागा सोडून देणारी मुलगी शहाणी की वेडी, यावर क्वार्टर्समध्ये बरीच चर्चा झाली. वासुदेवराव एवढंच म्हणाले, "खोका उघडून बघितल्याशिवाय आत काय आहे ते लिहायचं नाही, हे ती माझ्याकडून शिकली." वर्षभर तिने डहाणूत शिकवण्या घेतल्या. ती हसायची, बोलायची, पण पोस्टमन दिसला की तिची नजर अजूनही त्याच्या पिशवीकडे जायची. मला ते बघवत नसे.

पुढच्या वर्षी एप्रिल संपता संपता आम्ही पुन्हा डबे-वाट्या घेऊन पाड्यावर गेलो. या वेळी रूपीला आधी विचारलं होतं, जिव्यालाही विचारलं होतं. बांधावर पोचलो आणि मागच्या वर्षीसारख्याच थबकलो.

रूपीच्या राबात कोरी पट्टी होती. शेजारी जिव्याच्या राबातही होती. त्याच्या पलीकडे सुक्याच्या, खाली रखमीच्या, ओढ्याच्या काठाला आणखी कुणाकुणाच्या. जिथे नजर जाईल तिथे काळ्या राबाच्या कुशीत एक एक कोरी पट्टी, चारी कोपऱ्यांना खुंट्या ठोकलेल्या. काही पट्ट्यांवर उपडं काही घातलेलं होतं. तेलाचे डबे, मातीची मडकी, एका ठिकाणी तर फुटकी बादली. त्या पट्ट्यांसाठीचं कवळ बांधावर तसंच भारे बांधून ठेवलं होतं.

"कोणी सांगितलं तुम्हाला?" दीप्तीने विचारलं.

जिव्या हसला. "सांगाया कशाला लागतं?"

तलासरीच्या एस.टी.डी. बूथवरून तिने सरांना फोन लावला. मी काचेबाहेर उभी होते, तरी पलीकडचा आनंद मला ऐकू येत होता. एवढ्या पट्ट्या! एका पट्टीवरून काढलेला निष्कर्ष कच्चा, पण एवढ्या पट्ट्यांचा अभ्यास परदेशातली मासिकं छापतील. दिल्लीवाले स्वतःहून बोलावतील. एकालाही हात लावू देऊ नकोस, सगळ्या ठेव. दीप्ती "हो सर, हो सर" म्हणत होती. फोन ठेवून ती बाहेर आली, आणि मी सांगते, मला आनंदाने उडी मारावीशी वाटत होती. गेलेलं सगळं दामदुपटीने परत आलं होतं.

एस.टी.त ती एकदाच बोलली. "आई, कोऱ्या पट्टीत रोप कमी आलं तर ते आवणीला काय लावतील?"

"तू निंदणार आहेस ना?"

"रूपीचं आपण दोघी निंदू. एवढ्या सगळ्यांचं कोण निंदणार? रखमी एकटी आहे, तिला धड वाकता येत नाही."

मी म्हटलं, त्यांनी आपणहून ठेवलंय, तू कुठे मागितलंस? हे मी अगदी मनापासून म्हटलं आणि मला ते आजही चुकीचं वाटत नाही. पण दीप्ती खिडकीबाहेर बघत होती. डहाणू जवळ आलं तशी ती चिमणी दिसायला लागली. "चिमणीवाल्यांनी मला फाटकातून आतसुद्धा घेतलं नसतं," ती म्हणाली. "आणि ही माणसं ताटातला भात काढून देतायत. म्हणून घ्यायचा का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती काडीपेटी घेऊन निघाली. मीही सोबत गेले. मला वाटत होतं, ऐन वेळी तिचा विचार बदलेल. अगदी खरं सांगायचं तर, बदलावा असंच वाटत होतं.

ती आधी जिव्याकडे गेली. "काका, रूपीची पट्टी पुरे. तुमची भाजून टाका."

जिव्याने साफ नाही म्हटलं. "पाड्यानं ठरवलंय. तुझं काम व्हायला पायजे."

"रोप कमी पडेल."

"पडलं तर पडलं."

"मग खाणार काय?"

"ते आमचं आमी बघू." आता त्याचा आवाज चढला. "दिलेलं परत करतात का, बाय? हा काय दुकानातला माल आहे?"

खरंच दुखावला होता तो. आजूबाजूला माणसं जमली. नवशी पदर तोंडाला लावून उभी होती. दीप्ती बांधावर गेली, कवळाचा एक भारा ओढत ओढत आणला आणि जिव्याच्या कोऱ्या पट्टीवर पसरायला लागली. डहाळ्यांनी तिचे हात ओरबाडले. रचणंही धड जमत नव्हतं.

"ए बाय, काय करते?" जिव्या ओरडला. "तुला कोणी सांगितलं?"

दीप्तीने मान वर केली. "गेल्या साली तुम्ही रूपीचा भाजलात, तेव्हा तिला विचारलं होतं?"

"नाय."

"मग मी कशाला विचारू?"

रूपी हसली. आधी ती एकटी, मग नवशी, मग सगळी माणसं. जिव्याने डोक्याला हात लावला, पुढे आला आणि तिने वेड्यावाकड्या पसरलेल्या डहाळ्या सारख्या करायला लागला. "वाऱ्याच्या समोरून लावायची आग," तो पुटपुटला. "पाठीमागून लावलीस तर वरवर पेटते."

पहिली काडी दीप्तीने ओढली. हवेतला कार्बन कमी कसा करायचा, हे शिकायला विद्यापीठात गेलेली माझी मुलगी घरोघर फिरून राब पेटवत होती, आणि धुराने तिचे डोळे गळत होते. माझेही गळत होते. तिच्या हातून दिल्ली दुसऱ्यांदा जाताना मी बघत होते, आणि तिला अडवावं असं मला वाटत नव्हतं. दुपारपर्यंत सगळ्या पट्ट्या काळ्या झाल्या. रूपीची तेवढी कोरी राहिली. ती मात्र रूपीने कुणाला पेटवू दिली नसती, दीप्तीलाही नाही.

त्या पट्टीत तण असं माजलं की निंदता निंदता माझ्या कमरेचा काटा ढिला झाला. पाड्यातली पोरं बांधावर बसून मास्तरीणबाईंची निंदणी बघायची आणि जमेल तशी टिंगल करायची. रोप खुजंच राहिलं. आवणीला कमी पडलं तेव्हा जिव्याने, सुक्याने, रखमीने आपापल्या रोपाच्या मुठी मुठी दिल्या आणि पाड्याने त्या रूपीच्या शेतात लावल्या. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं.

तोंडी परीक्षेला बाहेरून मोठे परीक्षक आले होते. तिथे काय झालं ते दीप्तीने घरी येऊन सांगितलं. त्यांनी प्रबंध चाळला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "काम नेटकं आहे. पण तुलनेला न भाजलेली पट्टी एकच? एकीवरून काय सिद्ध होतं? आणखी पट्ट्या मिळाल्या नाहीत का?"

"मिळाल्या होत्या सर," दीप्ती म्हणाली. "मी पेटवल्या."

तिला सेकंड क्लास मिळाला. दिल्लीहून काही आलं नाही. मी पाड्यावर पेढे घेऊन गेले तेव्हा जिव्याने पहिला पेढा हातात धरून विचारलं, "झालं बायचं काम?"

"झालं," मी म्हटलं.